विहीणबाईंना दाखवलेली जुनी पेठ

"जुनी पेठ मी तुम्हाला डोळे मिटूनसुद्धा दाखवीन," असं मोजणीदारांनी विहीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मोजणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती हे खरं, पण ती सगळी शहराबाहेरची माळरानं मोजण्यात. जुन्या पेठेत ते आयुष्यात दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा वाट चुकले होते. पण लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच राहायला आलेल्या. त्यांच्यासमोर "मला ठाऊक नाही" म्हणायचं म्हणजे काय!

त्यात विहीणबाई कमालीच्या चौकस. पेठेच्या वेशीतून आत शिरल्याबरोबर त्यांनी विचारलं, ही गल्ली अशी वाकडी का? मोजणीदारांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की, शत्रूच्या घोड्यांना वळता येऊ नये म्हणून. मनोरा तिरपा का, कुलपांच्या दुकानांना दारं एवढी ठेंगणी का, सगळ्याची उत्तरं तयार. दोरबाजारात एका दगडी खांबावर खोल खाचा दिसल्या. मोजणीदार म्हणाले, इथे सैनिक तलवारींना धार लावत. तेवढ्यात शेजारच्या दोरवाल्याने आपला दोर त्याच खाचेत अडकवला आणि ताणून पीळ द्यायला सुरुवात केली. तो म्हणाला, या खाचा त्याच्या आजोबा-पणजोबांच्या दोरांनीच पडल्या होत्या. "तलवारींच्या नंतर," मोजणीदार म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आता राहिलं होतं कारागिरांचं संग्रहालय. तिथे जुन्या धंद्यांतल्या कारागिरांचे हुबेहूब पुतळे करून ठेवलेत, एवढं त्यांनी ऐकलं होतं. कोपऱ्यावरच्या पाटीवर बाण डावीकडे होता. बरोबर आलेल्या बायकोने तो दाखवला. मोजणीदार म्हणाले, पाटी उलटी लागली आहे, आणि उजवीकडे वळले.

उजवीकडे एक दार अर्धवट उघडं होतं. आत भिंतभर घड्याळं टांगलेली, आणि खिडकीपाशी टेबलावर वाकलेला एक म्हातारा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. अगदी निश्चल.

"हा घड्याळजी," मोजणीदार हळूच म्हणाले. "बघा काय काम केलंय!"

विहीणबाई चारी बाजूंनी निरखू लागल्या. कपाळावरचा घाम बघून त्यांना शंका आली. "अहो व्याही, हा खरा वाटतो हो."

"तीच तर कारागिरी. फक्त मिशा जरा जास्त चिकटवल्यात." आणि हे सिद्ध करायला त्यांनी पुतळ्याची मिशी चिमटीत धरून अलगद ओढली.

पुतळा शिंकला.

म्हातारा चार दिवस खपून केसाएवढी स्प्रिंग एका जुन्या घड्याळात बसवत होता. श्वाससुद्धा रोखून धरला होता बिचाऱ्याने, म्हणूनच तो इतका वेळ गप्प. आता चिमटा रिकामा होता. त्याने भिंग काढलं, तिघांकडे पाहिलं आणि शांतपणे दार लावून घेतलं. तशी स्प्रिंग आता कुठे मिळत नाही, आणि ती सापडेपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही, असं त्याने सांगितलं.

मग मोजणीदार गुडघ्यांवर आले. मोजणीच्या सवयीने त्यांनी जमिनीचे मनातल्या मनात चौकोन पाडले आणि एकेक चौकोन तपासायला घेतला. बायको टेबलाखाली शिरली. अर्ध्या तासात एक बटण, दोन खिळे आणि चष्म्याची एक काडी मिळाली. स्प्रिंग नाही.

"व्याही, हलू नका," अचानक विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या डाव्या भुवईत काहीतरी चमकतंय."

म्हातारा चिमटा घेऊन जवळ आला. "आता जरा तुम्ही पुतळा व्हा," तो म्हणाला.

मोजणीदारांना घाम फुटला, पण पापणी लवली नाही. स्प्रिंग निघाली. पण सुटका झाली नाही. दार उघडलं तर पुन्हा कुणी आत शिरेल, बोललं तर हात हलेल, म्हणून ती बसेपर्यंत तिघांनी बाकावर बसून राहायचं, तेही अवाक्षर न काढता. तास लोटला. विहीणबाई पुढे झुकून म्हाताऱ्याची बोटं बघत राहिल्या. मोजणीदारांच्या ओठांवर भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळाची हकिकत येत होती आणि परत जात होती. शेवटी म्हाताऱ्याने चिमटा खाली ठेवला. घड्याळ टिकटिकू लागलं, आणि त्याने ते आधी विहीणबाईंच्याच कानाशी धरलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मोजणीदारांना वाटलं, दिवस सार्थकी लागला.

घरी परतताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "मग विहीणबाई, पेठेत सगळ्यात जास्त काय आवडलं?"

विहीणबाईंनी भिडेखातर थोडा विचार केल्यासारखं केलं.

"तुम्ही बोलत नव्हता ना, तो एक तास," त्या म्हणाल्या.

त्यावर बायको इतकी हसली की तिला रस्त्यात थांबावं लागलं. मोजणीदारांनी मात्र घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि विहीणबाईंना तोही रस्ता फार आवडला.