परुळेकरांचा तुलनात्मक तक्ता

श्रीरंग परुळेकर ज्या कंपनीच्या खरेदी विभागात होते, तिथे साधी टाचणी घ्यायची म्हटली तरी तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवून त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा लागे. बावीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाचं जे होतं, ते परुळेकरांचं झालं होतं. घरचा फ्रिज घेताना त्यांनी पाच कंपन्यांचा तक्ता मांडला आणि निर्णय होईपर्यंत उन्हाळा संपला. मुलीच्या बारशाला तर पाहुणे जमले तरी चार नावांची तुलना चालूच होती. शेवटी आत्या कंटाळली आणि तिनं आपल्या मनानंच बाळाच्या कानात कुर्र करून ‘दिशा’ असं सांगून टाकलं.

ही दिशा दोन हजार चार साली दहावीत गेली. नववीला बहात्तर टक्के. परुळेकरांना तिला घालायचं होतं माटुंग्याच्या कॉलेजात, जिथलं दार अठ्ठ्याऐंशीच्या खाली किलकिलंही होत नसे. याच कॉलेजात परुळेकरांचा स्वतःचा प्रवेश दोन मार्कांनी हुकला होता. त्याला तीस वर्षं झाली, तरी कुणाचाही कसलाही निकाल लागला की ते दोन मार्क घरात पुन्हा निघत. पोरीच्या वाट्याला ते येऊ नयेत, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी सांगितलं, खेळाच्या कोट्यातून बघा. जिल्हा संघातून राज्य पातळीवर खेळली की काम झालं. परुळेकरांनी यादी मिळवली. खो-खो आणि कबड्डी वाचूनच त्यांनी मान हलवली, तिथल्या पोरी रांगायला लागल्यापासून खेळत असतात. खाली खाली जाता शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांना हवा तो खेळ सापडला. लॅक्रॉस. लांब दांड्याच्या टोकाला जाळी, त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं आणि समोरच्यांच्या गोलात फेकायचा. अख्ख्या जिल्ह्यात क्लब चारच, तेही सगळे वसई तालुक्यात, आणि जिल्हा संघात मुली सोळा. असं गणित परुळेकरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येताना ते सोबत जिलबी घेऊन आले.

परुळेकर राहायचे नालासोपाऱ्याला, आचोळ्यात. चारपैकी एक क्लब त्यांच्याच बिल्डिंगच्या मागच्या मैदानावर होता. त्यांच्या पत्नी विनितावहिनींनी जिलबी ताटलीत काढता काढता ते सांगितलं.

“आग्नेस टीचर शिकवतात. पोरीला जायला पाच मिनिटं. उद्यापासून पाठवूया का?”

“जवळ आहे म्हणून कुणी एखादी वस्तू घेतं का?”

“मी भाजी घेते,” वहिनी म्हणाल्या.

परुळेकरांनी या उत्तराची नोंद घेतली नाही. पुढच्या रविवारपासून ते स्कूटर काढून क्लब बघायला निघाले. सोबत फाईल, फाईलमध्ये कोरे तक्ते. रकाने असे: मैदान, प्रशिक्षक, काठ्या, पिण्याचं पाणी, मुलींची संख्या आणि शेवटी सगळ्यात मोठा, आपल्या मुलीची निवड होण्याची शक्यता.

फुलपाड्याच्या विघ्नेश सरांकडे रंगीत माहितीपत्रक होतं, गळ्यात दोन शिट्ट्या होत्या आणि मुली चौदा. त्या मुली पळताना परुळेकर जवळून बघत होते. चेंडू आला की निम्म्या बाजूला होत. वसईच्या किनारपट्टीवर बर्नार्ड सरांचा क्लब त्यांच्याच केळीच्या वाडीला लागून होता. त्यांच्या भाच्यानं कॅनडाहून खऱ्या काठ्या पाठवल्या होत्या, पण शिस्त अशी की पालकांनीही सरळ उभं राहायचं. चांदीपला गेले तर तिथे कोच नावाचा माणूसच नव्हता. पोरी अनवाणी, गुडघ्याएवढ्या चिखलातून अशा सुसाट पळत होत्या की परुळेकरांनी पेन खिशात ठेवलं. एका म्हाताऱ्यानं त्यांना “पानी प्या साहेब” म्हणून तांब्या दिला. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात चांदीपला दहापैकी दहा मिळाले, पण शेवटच्या रकान्यात फक्त एक. अशा पोरींत आपल्या दिशाला कोण विचारणार?

इथे परुळेकरांच्या बुद्धीची तारीफ करायला हवी. ज्या क्लबात मुली सगळ्यात वाईट खेळतात, तिथेच आपली मुलगी उठून दिसणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे फुलपाडा आला चौऱ्याहत्तर गुणांनी पहिला.

राहता राहिलं आचोळं. तिथे जाण्याची त्यांना इच्छा नव्हती, पण नियम म्हणजे नियम. बांबूच्या काठ्या, टोकाला मासेमारीच्या जुन्या जाळ्याचे तुकडे, हे बघून त्यांचं मत तसंही झालंच होतं. त्यात आग्नेस टीचरांनी एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही.

“मुलीला पाठवा आनि पळवून बघा,” त्या म्हणाल्या. “कागदावर कोन पळतंय?”

परुळेकरांनी आचोळ्यापुढे शेरा लिहिला, “माहिती देण्यास नकार. विचारात घेतला नाही. शून्य.” घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आचोळ्याचा विषय आता बंद झाला, यापुढे तो घरात काढू नये.

आता कुणालाही वाटेल की तक्ता झाला, फुलपाडा पहिला आला, तर पोरीला नेऊन घालावं. पण खरेदी विभागात असं होत नसतं. आधी फेरतपासणी. ती व्हायच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे जगन्नाथ म्हात्रे चहाला आले. त्यांची स्वप्नाही दिशाच्याच वर्गात. परुळेकरांना आपलं काम दाखवण्याचा मोह आवरला नाही. जगन्नाथरावांनी तक्ता वाचायला म्हणून एका दिवसासाठी नेला. चौथ्या दिवशी स्टेशनबाहेर एका अनोळखी गृहस्थानं परुळेकरांना अडवलं आणि झेरॉक्सवर बोट ठेवून विचारलं, ‘काठ्या’ या रकान्यात सहा म्हणजे चांगलं की वाईट?

पंधरा दिवसांत फुलपाड्याच्या मुली चौदाच्या एकसष्ट झाल्या. एकसष्टांत निवडीची शक्यता ती काय राहणार? परुळेकरांनी प्रामाणिकपणे सुधारित तक्ता केला. फुलपाडा घसरला, बर्नार्ड सर पहिले आले. ही प्रतही जगन्नाथरावांनी एका दिवसासाठी नेली. पुढच्या रविवारी बर्नार्ड सरांच्या वाडीत चाळीस स्कूटर्स शिरल्या आणि केळीच्या दोन रांगा आडव्या झाल्या. सरांनी फाटकाला कुलूप लावलं. मग दुसरा सुधारित तक्ता, मग तिसरा. प्रत्येक तक्त्यामागून पालकांचा लोंढा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. फक्त आचोळ्याकडे कुणी फिरकत नव्हतं, उलट तिथल्या होत्या त्यातल्याही पाच-सहा मुलींना त्यांच्या बापांनी शून्य बघून काढून घेतलं. विघ्नेश सर एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि पाण्याच्या रकान्यात दोनाचे पाच करता येतील का, असं हळूच विचारू लागले. परुळेकरांनी पुडा जसाच्या तसा परत केला. त्या दिवसापासून तालुक्यात त्यांचं नाव झालं, माणूस म्हणजे लोखंड.

या सगळ्यात दिशा कुठे होती, हे परुळेकरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, घरी. ते सकाळी सातला बाहेर पडत, रात्री घरी येत आणि रविवारी क्लब तपासायला जात. पोरगी काळवंडलीय हे त्यांनी एकदा पाहिलं, पण उन्हाळ्यात कोकणात गेली होती, त्याचं असेल म्हणून सोडून दिलं. गुडघ्यावर खपल्या होत्या, पण त्या वयात असतातच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौथा सुधारित तक्ता करत असताना खेळाडूंच्या नोंदणीची मुदत त्यांनी पुन्हा एकदा वाचली. एकतीस ऑगस्ट. तक्त्यात तारखेचा रकानाच नव्हता. परुळेकर खुर्चीत बसूनच राहिले. तालुक्यातल्या यच्चयावत पोरी त्यांच्या तक्त्यावरून कुठल्या ना कुठल्या क्लबात जाऊन बसल्या होत्या आणि त्यांची स्वतःची लेक मात्र कुठेच नव्हती. दोन मार्क तरी नशिबाचे होते, हे तर आपल्या हातानं झालं, असं वाटून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनितावहिनी जवळ येऊन “अहो, मी काय म्हणते” असं म्हणाल्या, तेव्हा त्यांनी हात वर केला. आता काही बोलू नकोस म्हणाले. वहिनी बरं म्हणून मेथी निवडायला बसल्या.

इकडे तालुका समितीत रणकंदन माजलं होतं. जिल्हा संघ निवडायचा, तर निवड समितीत असा माणूस हवा ज्याची मुलगी कुठल्याच क्लबात नाही. लॅक्रॉसची माहिती असलेला आणि मुलगी न खेळणारा बाप अख्ख्या तालुक्यात एकच उरला होता. परुळेकर जड मनानं हो म्हणाले, आणि एक नियम स्वतःच्या अक्षरात लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सदस्याच्या नात्यातलं कुणी मैदानात उतरलं, तर सदस्यानं त्याच क्षणी पद सोडावं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी विरारला निवड चाचणी झाली. परुळेकर डोक्यावर पांढरी टोपी घालून मधल्या खुर्चीवर बसले. फुलपाड्याच्या मुली इतक्या होत्या की सरावात कुणाच्याच वाट्याला चेंडू फारसा आलेला नव्हता. जगन्नाथरावांच्या स्वप्नानं चेंडू एकदा झेलला आणि घाबरून पंचांकडे दिला. मग आचोळ्याच्या अकरा जणी बांबूच्या काठ्या घेऊन आल्या. चार महिने मैदान मोकळं मिळाल्यामुळे त्या रोज संध्याकाळी पोटभर खेळल्या होत्या. त्यातली सात नंबरची मुलगी डाव्या बाजूनं अशी सुटली, दोघींना चकवून तिनं चेंडू असा फेकला, की लांबून चेहरा न ओळखलेल्या परुळेकरांनी शेजारच्या सदस्याला नाव विचारलं. त्यानं कागद बघून सांगितलं, “दिशा श्रीरंग परुळेकर.”

परुळेकर उठायला हवे होते, आणि ते उठलेही, पण पाच मिनिटं उशिरा. ती पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले. आपल्या पोरीला असं पळता येतं हे ठाऊक नसल्याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा अभिमान कितीतरी जास्त वाटला. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, सगळ्यांसमोर पद सोडलं आणि मैदानाच्या कडेला गेले. दिशा धापा टाकत आली.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“जूनपासून. फॉर्मवर आईनं सही केली. तुम्ही रविवारी स्कूटर काढलीत की मी मागच्या जिन्यानं निघायचे.”

“मला सांगितलं नाहीस?”

“सांगत होते बाबा. तुम्ही म्हणालात, आचोळ्याचा विषय बंद झाला.”

उरलेल्या दोघा सदस्यांनी संघ जाहीर केला. सोळांत सात मुली आचोळ्याच्या, सहा चांदीपच्या आणि दिशाचं नाव पहिलं. फुलपाड्याची एकही नाही. आता हे सगळे पालक आपल्याला घेरणार, म्हणून परुळेकर स्कूटरकडे वळले, तर जगन्नाथराव वाटेत उभे. मग त्यांनी परुळेकरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मानलं तुम्हाला. शून्य देऊन सगळ्यांना फुलपाड्याला पिटाळलंत आणि घरामागचं मैदान पोरीला मोकळं ठेवलंत.”

“अहो, मला खरंच माहीत नव्हतं.”

“असंच म्हणायचं असतं,” जगन्नाथराव म्हणाले आणि निघून गेले.

पालक महिनाभर परुळेकरांशी बोलत नव्हते, पण गावभर त्यांच्याबद्दल बोलत होते. टोपी काढून पद सोडणं हासुद्धा आधी बसवलेला डाव होता, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बावीस वर्षांत ज्यानं पेढ्याचा तुकडा घेतला नाही, तो माणूस एका रविवारात पक्का बेरकी ठरला. दिशा राज्य स्पर्धेत खेळली आणि जूनमध्ये माटुंग्याच्या कॉलेजात तिचा प्रवेश दहा मिनिटांत झाला. मागचा माणूस बाजूला व्हा म्हणेपर्यंत परुळेकर फीच्या खिडकीपाशी पावती हातात घेऊन उभेच होते.

त्याच आठवड्यात जगन्नाथराव पुन्हा चहाला आले. त्यांची धाकटी आता आठवीत गेली होती. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी खिशातून वही काढली आणि खरी पद्धत काय ती सांगा म्हणाले. परुळेकरांनी छातीवर हात ठेवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलीला तिच्या आईनं घातलं, आपल्याला पत्ताच नव्हता. जगन्नाथराव मान डोलावत ऐकत होते.

“म्हणजे वहिनींनाही सामील करून घेतलंत,” ते कौतुकानं म्हणाले. परुळेकर थकून मागे टेकले. मग जगन्नाथरावांनी चहा घेऊन आलेल्या विनितावहिनींनाच गाठलं. “वहिनी, तुम्ही तरी खरं सांगा. एवढ्या क्लबांतून हाच कसा निवडलात?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसायचं,” वहिनी म्हणाल्या. “पोळ्या करता करता पोरीवर लक्ष राहायचं. आणखी काही नाही.”

जगन्नाथरावांनी वहिनींकडे आदरानं पाहिलं, वहीत पट्टीनं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, “स्वयंपाकघराच्या खिडकीपासून अंतर.”

परुळेकरांनी चष्मा लावला, वाकून वहीत पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

“मीटरमध्ये लिहा,” ते म्हणाले. “नाहीतर तुलना होत नाही.”