तीन पंपांचा संघ

जनूभाऊंची दाढी करायची तर न्हाव्याला त्यांच्या मागून चालावं लागे. हे मी वाढवून सांगत नाही. पंपाच्या ओट्यावर साबण लावून झाला, की जनूभाऊ उठत, पेट्रोलच्या टाकीपर्यंत जात, पारनाक्याकडून एखादी लॉरी येते का ते पाहत आणि तिथून पुढे चिंचेखाली जाऊन उभे राहत. न्हावी वाटी-वस्तरा घेऊन मागे. एक गाल ओट्यावर व्हायचा, दुसरा चिंचेखाली.

जेवणही उभ्यानंच. लग्नाच्या पंगतीत ते आपणहून वाढप्याचं काम घेत, म्हणजे पाटावर बसायला नको. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बसलेल्या लोखंडाला गंज चढतो, बीए."

बीए म्हणजे मी. आमच्या आळीत पदवी घेतलेला पहिलाच मुलगा म्हणून जनूभाऊंनी माझं नाव टाकून दिलं आणि पदवीनंच हाक मारायला सुरुवात केली. त्यांचा तो हक्कच होता. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा माझ्या अभ्यासाच्या दिव्याची बाटली त्यांनी कधी रिकामी राहू दिली नाही. त्या उजेडात मी मॅट्रिक झालो, पुढे बी.ए. झालो आणि वसईच्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो. त्यामुळे एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर एकदा त्यांनी मला बोलावून, "कंपनीला इंग्रजीत एक कडक पत्र लिही," असं सांगितलं, तेव्हा मी फार विचारलं नाही.

त्यांचा पंप म्हणजे हातानं दांडा मारायचा जुना पंप. वरच्या काचेच्या नळ्यात गॅलनभर पेट्रोल चढायचं आणि मग नळीतून मोटारीत उतरायचं. दर तासाला ते टाकीत वेळूची काठी घालत, ओली खूण पाहत आणि काठी धोतराला पुसत. त्या धोतराच्या वासामुळे त्यांच्या शेजारी कोणी विडी पेटवत नसे.

तालुक्यात असे तीन पंप होते आणि तिन्ही एकाच तेल कंपनीचे. जागा पंपवाल्याची, बाकी सगळं कंपनीचं. कंपनी वाटेल तेव्हा करार मोडू शकत होती. वंगणाचे डबे खपोत न खपोत, घ्यायलाच लावत होती. आता तिनं स्टेशनाजवळ स्वतःचा पंप घालायचं ठरवलं होतं. जनूभाऊ येरझाऱ्या घालत म्हणायचे, "कंपनीचा भाव, कंपनीचा रंग, कंपनीची पाटी. आपलं काय? आपलं फक्त ऊन."

म्हणून त्यांनी पंपवाल्यांचा संघ काढला. सभासद तीन. वसईचे जनूभाऊ, विरार-आगाशी रस्त्यावरचा बस्त्याव आणि सोपाऱ्याचा दामू. चिटणीस मी. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

दामू हा जनूभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. दोघे आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सगळ्या वसईला ठाऊक होतं. त्यांची वडिलोपार्जित विहीर एकच होती आणि पाण्याची पाळी ठरलेली. एक दिवस थोरल्याच्या वाडीला पाणी, एक दिवस धाकट्याच्या. रहाटाला रेडा होता तोवर कधी वाद झाला नाही. मग जनूभाऊंनी इंजिन आणलं. एका वैशाखात आपल्या पाळीच्या दिवशी त्यांनी ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालवलं आणि विहीर तळाला नेली. दुसऱ्या दिवशी दामूच्या पाटात चिखल आला. त्याच्या पुढच्या पाळीलाही चिखलच. दामूचा पानमळा वाळला. त्यानं वाडी सोडली, सोपाऱ्याला जाऊन पंप घेतला.

संघाची बैठक दर बुधवारी जनूभाऊंच्या ओट्यावर भरे. दामू बाकाच्या टोकाला बसायचा. जनूभाऊ त्याच्या पुढून इकडून तिकडे. दोघे माझ्याकडे पाहून बोलत. दामू म्हणे, सांग त्यांना. जनूभाऊ म्हणत, सांग त्याला. मीही वर्गात धडा सांगावा तसा प्रत्येक शब्द पोचवत असे. बस्त्याव, मोठ्या पोटाचा आनंदी माणूस, एकदा मला म्हणाला, "मास्तर, या दोन टाक्यांनी तुझी पार नळी केली रे."

कंपनीनं माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. तेव्हा जनूभाऊंनी ठरवलं, की मागणी मान्य होईपर्यंत कंपनीकडून नवा माल उचलायचा नाही. पण मग वाडीवाल्यांच्या लॉऱ्या चालायच्या कशा? भाजी बाजारात जायची कशी? त्यावर त्यांनी काढलेली युक्ती एखाद्या वाडीवाल्यालाच सुचावी. तिघांचा उरलेला साठा पिंपांत भरायचा. दिवसाला एकच पंप उघडा, आणि ज्याचा दिवस त्याच्या दारी बैलगाडीनं पिंपं जायची. विहिरीच्या पाण्यासारखी पाळी.

बाकाच्या टोकावरून दामू मला म्हणाला, "सांग त्यांना, पाळीवर माझा भरवसा नाय. एकदा बघितलाय."

जनूभाऊ चालता चालता थांबले. त्यांना थांबलेलं पाहून बस्त्यावनं चहाची बशी खाली ठेवली.

"सांग त्याला," ते म्हणाले, "भरवसा ठेवू नको. काठी घालून बघ."

क्रम ठरला. विरार, वसई, सोपारा. म्हणजे जनूभाऊंच्या मागोमाग दामूचा दिवस. संघ टिकणार की मोडणार, ते जनूभाऊ दुसऱ्यासाठी किती ठेवतात यावर होतं.

पहिल्या फेरीला सगळं ठीक चाललं. फक्त गाडीवान कुरकुरत होता, कारण पिंपांशेजारी बसून त्याला विडी ओढता येत नव्हती. दुसऱ्या फेरीला कंपनीचा साहेब मुंबईहून मोटारीनं आला. वसईला पंप बंद. त्याला कोणीतरी सांगितलं, सोपाऱ्याला जा. सोपाराही बंद. तिथून विरारला निघाला आणि वाटेत त्याच्याच मोटारीतलं पेट्रोल संपलं. शेवटी विरारचा दिवस आटोपून वसईला येणाऱ्या आमच्याच गाडीवर, आमच्याच पिंपाला धरून बसून साहेब आला. संघाचा पुढारी कोण, असं तो वाटेत विचारत होता. गाडीवानानं प्रामाणिकपणे सांगितलं, आज कोणाची पाळी आहे त्यावर आहे.

जनूभाऊंनी त्याला शहाळं दिलं. साहेब थोडा निवला आणि त्यानं मला मधे घालून सरळ सौदा मांडला. उद्या ओळखीच्या कंत्राटदाराच्या लॉऱ्या पाठवतो, तुमच्या दिवशी सगळा साठा विकून टाका, यात बेकायदा काहीच नाही. परवा सोपारा कोरडा राहील, आम्ही त्याचा करार बंद करू. स्टेशनाजवळचा पंप तुम्हाला.

मी हे मराठीत सांगितलं. साहेबाच्या मोटारीला लागेल तेवढं पेट्रोल जनूभाऊंनी डब्यात घालून दिलं आणि ते चिंचेकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुट्टी मागून मी पंपावर बसलो. दहाच्या सुमाराला चार लॉऱ्या आल्या. ड्रायव्हर म्हणाले, टाकी भरा, बरोबरचे डबेही भरा. जनूभाऊ पिंपांपाशी गेले, एकेकात काठी घातली, परत आले, पुन्हा गेले. त्या दिवशी ते किती चालले असतील, देव जाणे. शेवटी एका पिंपातलं पेट्रोल टाकीत ओतून त्यांनी स्वतः दांडा मारला आणि प्रत्येक लॉरीत दोन-दोन गॅलन सोडले. एक ड्रायव्हर भांडू लागला, एवढं पेट्रोल दिसतंय, मग देत का नाही.

"ते आजचं नाय," जनूभाऊ म्हणाले. "उद्याच्या माणसाचं आहे."

संध्याकाळी गाडीबरोबर मी सोपाऱ्याला गेलो. दामूनं खरंच काठी आणली. एकेका पिंपात घातली, उजेडाकडे धरून ओली खूण पाहिली. शेवटच्या पिंपाला त्यानं काठी घातलीच नाही. बैलांना पाणी दाखवायला म्हणून तो विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

संघ फुटत नाही आणि माल उचलला जात नाही हे पाहून पुढच्या आठवड्यात कंपनी नमली. करार मोडायचा तर तीन महिन्यांची नोटीस, वंगणाची सक्ती नाही, स्टेशनाजवळ पंप नाही. सोमवारी पत्र आलं. बस्त्यावनं आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, वाटली आणि जाहीर केलं, की संघाचं काम फत्ते, आता बैठका बंद. दामू मान हलवून निघून गेला. मला वाटलं, जनूभाऊ खूष होतील. त्यांनी सुकेळं हातातच धरून ठेवलं.

मंगळवारी ते माझ्या घरी आले. पूर्वी कधी आले नव्हते. आमच्या अंगणात तुळशीभोवती दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "बीए, कंपनीला अजून एक पत्र लिही."

"आता कसली तक्रार, भाऊ? सगळं तर मिळालं."

"असेल काहीतरी. तू शिकलेला आहेस, शोध." मग माझ्याकडे न पाहता, "उद्यापर्यंत व्हायला हवं."

उद्या बुधवार होता. मी लिहायला बसलो. खूप डोकं खाजवून पंपाची नळी आखूड आहे, अशी तक्रार लिहिली.

बुधवारी बस्त्याव येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला. दामू तर त्याच्याही आधी येऊन बाकावर बसला होता. मी पत्र वाचलं, मराठीत अर्थ सांगितला.

"माझी नळी तर चांगली पुरते," बस्त्याव म्हणाला. दामूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढे बोललाच नाही.

दामूनं पत्र हातात घेतलं, उलटून पाहिलं, घडी करून मला परत दिलं.

"हे असं घाईनं धाडायचं नाय," तो म्हणाला. "तिन्ही पंपांवर जाऊन नळ्या मोजायला लागतील. मास्तर, वहीत लिही, चौकशी चालू आहे. पुढची बैठक बुधवारी."