परांचीवर सॉसेजं

माझ्या परांचीत खोट काढणारा माणूस अजून हाँगकाँगमध्ये जन्माला यायचाय! अठ्ठावीस वर्षं बांबू बांधतोय मी. त्यामुळे सरकारी तपासनीस यिप बाई दहा वाजता येणार म्हटल्यावर मी समोरच्या टपरीत निवांत चहा घेत होतो. नियम मला तोंडपाठ. दर चौदा दिवसांनी तपासणी, सही, आणि बांबूवर भलतंसलतं काही टांगायचं नाही. चुकलं तर काम बंद.

पावणेदहाला सहज वर पाहिलं आणि चहा नाकात गेला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या चोई आजींनी खिडकीबाहेरच्या माझ्या परांचीवर सॉसेजं वाळत घातली होती. चांगल्या सहा माळा!

तसाच वर चढलो.

"आजी, काढा हे. तपासनीस बाई येतायत."

"अरे लाम, उत्तरेचा कोरडा वारा आजच सुटलाय. दोन दिवसांनी ये म्हणावं तिला."

"सरकारी बाई आहे ती, तुमची सून नाही."

"सून तरी कुठे ऐकते?"

मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. माझीच बांबू बांधायची नायलॉनची पट्टी पळवून आजींनी अशी गाठ मारली होती, की दात लावूनही उपयोग झाला नाही.

"पडशील मेल्या. थांब, तुलाही बांधते," आजी खिडकीतून म्हणाल्या.

"मला? ह्याच बांबूंवर केस पिकले माझे."

"पिकू देत. पण तू पडलास नि काम बंद झालं तर माझी भिंत कोण दुरुस्त करणार? तीन वर्षं दर पावसात स्वयंपाकघरात बादल्या लावतेय मी." मला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात खालून हाक आली, "मिस्त्री, हलू नका."

यिप बाई एकेक बांबू हलवून बघत वर आल्या. सॉसेजंही ओढून पाहिली. गाठ जराही हलली नाही.

"परांची मजबूत आहे. हे खाणं तेवढं आत घ्या. काम चालू राहू दे."

आजींनी खूश होऊन एक माळ पुढे केली. बाईंनी ती परत केली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"मिस्त्री, तुमचा सुरक्षापट्टा?"

"खाली. टपरीतल्या खुर्चीवर."

बाईंनी काहीतरी लिहून कागद माझ्या हातात दिला. 'परांचीवर न बांधलेल्या वस्तू' ह्या रकान्यात एकच नोंद होती: मिस्त्री.