कानिफनाथचा दम आणि आमची समिती

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पहिल्यांदा सांगताना माझाही बसला नव्हता. पण ज्याची ही गोष्ट, तो दहावीतला कानिफनाथ याच हॉटेलात, तिकडे कोपऱ्यात भजी खातोय. खोटं वाटलं तर त्याला विचारा. (आत्ता नको, तोंड भरलंय त्याचं.)

माणसाला किती दम लागला, हे त्याचं त्याला कधीच कळत नाही. त्यासाठी समिती लागते. मागच्या साली नेवासा तालुक्यातल्या आमच्या शाळेत अशी समिती झाली, अध्यक्ष मी. वरून पत्रक आलं होतं: कमीजास्त वजनाच्या पोरांना व्यायामाचे श्रम किती जाणवतात, ते मोजा. पोरानं मैदानाला फेरी मारून सहा ते वीसमधला आकडा सांगायचा, समितीनं लिहायचा. सहा म्हणजे बसल्यासारखं, वीस म्हणजे जीव चालला. आकडे सहापासूनच का, हे कुणाला सांगता येईना. शेवटी गिदोन सरांनी खुलासा केला, की पहिले पाच जिल्ह्यालाच संपले असतील.

आधी वजनं. शाळेचा काटा नादुरुस्त (स्थापनेपासून). म्हणून बेचाळीस पोरं ट्रॉलीत भरून उसाच्या काट्यावर नेली. ट्रॉली वजा जाता दोन हजार दोनशे पंचावन्न किलो भरली. काटेवाल्यानं सवयीनं पाचटाचे पाच टक्के कापले. उरलं त्याला बेचाळीसनं भागलं: दरडोई एक्कावन्न किलो. न्याय सगळ्यांना सारखा. चिपाडासारखा आदिनाथही एक्कावन्न आणि उभा राहिला की दोघांची सावली पाडणारा कानिफनाथही एक्कावन्न. मग जाड कोण नि बारीक कोण, हे कागदावरून कळेना. ते समितीनं नजरेनं ठरवलं.

कानिफनाथला कबड्डीच्या संघात जायचं होतं. चार महिने पोरगं पहाटे उठून कॅनॉलच्या कडेनं पळत होतं. संघात एकच जागा उरलेली, ती या मोजणीवरच द्यायची ठरली.

आदिनाथ एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "वीस!" त्याला लगेच सावलीत बसवून लिंबू सरबत दिलं. कानिफनाथचा पहिल्या फेरीचा आकडा सहा. दहाच्या आत आकडा आला तर आणखी फेरी, असा नियम. दुसरी फेरी, सहा. पाचवी, सहा. अकराव्या फेरीला त्याला मैदान पुरेना, तो गेटातून बाहेर पडला. तासाभरात राहात्याहून एका पेरूवाल्याचा फोन, "तुमचं पोरगं हितून गेलं, आबा." मी विचारलं, आकडा काय सांगतोय? तर सहा! (राहाता इथून सत्तर किलोमीटर तरी असेल. मोजायला समिती वेगळी.)

इथं हॉटेलवाल्या मालनबाईंच्या हातातला चहा हसून हसून बशीत सांडला. बाकीच्यांचंही तेच.

तर आमचा निष्कर्ष असा, की जाड पोरांना श्रम जाणवत नाहीत. सबब शाळेतली बाकं, पाण्याचे जार आणि गॅदरिंगच्या स्टेजच्या फळ्या त्यांच्याकडूनच उचलून घ्याव्यात. (अंमलबजावणी शंभर टक्के.) कबड्डीची जागा अर्थातच आदिनाथला मिळाली. एका फेरीत वीस श्रम करणारं पोरगं कुठल्याही संघाला हवंच असतं. राहात्याला जाऊनही ज्याला सहाच जाणवतात, तो जीव तोडून पळतच नाही, हे उघड आहे.

"आबा."

कोपऱ्यातली भजी संपली होती.

"राहात्याला कोन गेल्तं? तिसऱ्या फेरीला मी बाभळीखाली पडल्तो. ईस म्हनलो. दोनदा म्हनलो. तुमी म्हनला, 'नाटकं करतंय जाडं,' आन सहा लिवलं. समदं खोटं हाय तुमचं, आबा. खरं यवढंच, का तवाबी मंडळी आत्तासारखीच हसली हुती."