परतभेटीचं वजन

"वजन केल्याशिवाय उडायचं नाही. शेजारी बायको बसली असली तरी!" विमान शिकवणाऱ्या गुरुजींचा हा दम कियोहिको मुरासेच्या कानात अजून होता. म्हणून त्या सकाळी काट्यावर आधी सुमिए चढली, मग चेस्टनटच्या वड्यांचा डबा.

"डबा दोन किलो. आणि तू..."

"अहो, हळू!"

फ्लाइंग क्लबचं विमान दोन जणांचं. बेटावरची सुमिएची उमेनो मावशी अठ्ठ्याऐंशीची झाली होती. तिला भेटून दिवस मावळायच्या आत परतायचं होतं. मुक्काम शक्यच नव्हता. रोज पहाटे आपल्या वारलेल्या आईच्या तसबिरीपुढे पहिल्या वाफेचा भात सुमिए स्वतः ठेवायची. एकोणीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता.

वर गेल्यावर समुद्र इतका निवांत दिसला, की विमान पुढे जातंय की आभाळच मागे सरकतंय, कळेना. ढगांच्या सावल्या पाण्यावर गाईंसारख्या चरत होत्या. सुमिएनं हात जोडले.

"भीती वाटते?"

"छे. एवढ्या जवळ आलोय, तर आईला नमस्कार करून घेते."

मावशीनं दोन वड्या खाल्ल्या आणि उरलेल्या रीतीप्रमाणे सात घरी वाटल्या. घोळ तिथेच झाला. भेट घेतली की परतभेट द्यायची! निघायच्या वेळी सातही घरं धावपट्टीवर हजर. रताळ्यांची पोती, तेलाच्या बाटल्या, आणि जिचा वास वाऱ्यालाही ओढवेना अशी सुकी मासळी. मावशीनं उकडून आणलेली रताळी आणखी वेगळी.

कियोहिकोनं दोनदा बेरीज केली. "मावशी, एवढं नाही जमणार."

"दाबून बसवा की, जावईबापू."

"बसेल हो. उडणार नाही!"

"मग काय परत नेऊ? सात घरांना तोंड कसं दाखवू मी?"

सुमिएनं उकडलेली रताळी तिथेच खायला घेतली. "अहो, तुम्हीही खा. तेवढंच ओझं कमी."

"अगं, पोटातलं कुठे जाणार? विमानातच ना?"

त्यांना रताळी आवडली, असं समजून शेजारीण आणखी एक टोपली घेऊन आली.

साडेचारला धावपट्टी बंद होणार होती. सुमिएनं घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मीच राहते. उद्या या न्यायला."

"आणि आईंचा भात?"

"तुम्ही ठेवाल?"

"ठेवीन. शब्द देतो."

"पाणी किती घालायचं, ठाऊक आहे?"

"अगं, मी विमान उडवतो!"

"विमानाचं नाही विचारलं मी."

परतीचं आभाळ केशरी होतं. सुमिएच्या जागी पट्टा बांधून रताळी बसली होती. सवयीनं कियोहिकोनं एकदा विचारलंही, "थंडी नाही ना वाजत?"

दुसऱ्या दिवशी तो चांदण्या विझायच्या आत उठला. पहिलं पातेलं करपलं. दुसऱ्याची पेज झाली. तसबिरीतल्या सासूबाई, जिवंतपणी बघायच्या तशाच, काही न बोलता बघत होत्या. त्याला वाटलं, एकोणीस वर्षांत आपण यांच्यासमोर पहिल्यांदाच एकटे उभे आहोत.

"थोडा उशीर होईल, आई," तो पुटपुटला. मग बाह्या वर सारून, आवाज न करता, त्यानं तिसऱ्यांदा तांदूळ धुवायला घेतले.