खैरनारांच्या गाडीची टकटक

खैरनार आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पाणी प्यायच्याही आधी त्यांनी पिशवीतून एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक आमच्या फ्रिजला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. देवळात उभं राहावं तसा तो माणूस आमच्या फ्रिजसमोर उभा होता.

"काहीतरी मागतोय हा," डोळे उघडून ते म्हणाले. "मागचा पाय अधांतरी आहे. पुठ्ठा घाला खाली."

पुठ्ठा घातला. लग्नापासून घुरघुरणारा फ्रिज गप्प झाला. त्या दिवसापासून माझी बायको त्यांचं नाव घेताना डोक्यावरचा पदर सारखा करते की काय, असं मला वाटायला लागलं.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. खैरनार मूळचे सटाण्याकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते आणि इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहत. पन्नाशीचे, उंच, जरासे वाकलेले. एरवी बोलणं शुद्ध, तोलूनमापून; पण कुठे खुट्ट वाजलं की अहिराणीवर यायचे. "हाऊ आवाज कशाना शे?" असं जिन्यातून ऐकू आलं, की कुणाचा तरी पंखा, मिक्सर नाहीतर दाराची बिजागरी आता दुरुस्त होणार, हे आम्ही ओळखायचो. कुठल्याही आवाजाला ते आवाज म्हणत नसत. "काहीतरी मागतंय ते," एवढंच म्हणत.

अशा माणसाने स्वतःच सगळ्या कॉलनीचे कान किटवावेत, हा विनोदच होता. त्याचं असं झालं, की खैरनारांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण चढावर दमायची. म्हणून त्यांनी कोइमतूरच्या एका शर्यतवाल्याकडून नवा कॅमशाफ्ट मागवला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी लाटणं हातात घेऊन समजावलं, "हा दांडा इंजिनात फिरतो. याच्यावर उंचवटे असतात. ते व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे मोठे केले, की इंजिन मोठा श्वास घेतं आणि गाडी पळते."

गाडी पळायला लागली, यात शंका नाही. पण उभी असली तरी अशी टकटक करायची, की चार टायपिस्ट बॉनेटखाली बसून कुणाच्या तरी बदलीचे हुकूम टाइप करताहेत असं वाटावं.

मुंबई नाक्याजवळच्या गॅरेजचे रफिकभाई म्हणाले, "साहब, ऐसा कॅम डाला तो आवाज आएगाच. या तो दौड़ेगी, या चुप रहेगी. दोनों नहीं होता."

"दोन्ही व्हायला पाहिजे," खैरनार म्हणाले.

"क्यों लेकिन? रेस में जाना है क्या?"

आम्ही सगळ्यांनीच तो प्रश्न कधी ना कधी विचारला. उत्तर ठरलेलं. "पळाली पाहिजे, पण बोलली नाही पाहिजे."

मग सुरू झाली त्यांची तपश्चर्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडं, खैरनार त्यात कमरेपर्यंत आत. आधी त्यांनी जाड तेल घालून पाहिलं. गरम झाल्यावर टकटक जरा कमी झाली, पण सकाळी गार इंजिन सुरू केलं की दुप्पट. मग बॉनेटच्या आतून घोंगडीचा तुकडा चिकटवला. दोन फेऱ्यांनंतर लोकर भाजल्याचा असा वास सुटला, की समोरच्या बंगल्यातून कुणीतरी बादली घेऊन धावलं. घोंगडी त्यांनी त्याच दिवशी उपटली. वासामुळे नव्हे. "हे म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं झालं," म्हणाले. मग त्यांनी व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी केली. आवाज गेला आणि गाडीचा जीवही गेला. पांडवलेण्याच्या चढावर ती जी थांबली, ती आम्ही ढकलत घरी आणली. फट पुन्हा होती तेवढी करावी लागली. टकटक परत.

हे सगळं ज्यांच्या खिडकीखाली चालायचं ते देशपांडे. निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या मिसेस, शैलावहिनी, हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. खैरनारांना याची जाणीव नव्हती असं नाही. कारखान्याची बस चुकली की ते गाडी सुरू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायचे. मी दिसलो की मलाही लावायचे. ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून मी किती सकाळी ती गाडी ढकलली असेन, देव जाणे. तरी एक दिवस देशपांड्यांचा तोल सुटला. गॅलरीतून ओरडले, "खैरनार, हिचं ऑपरेशन ठरलंय! ती घरी येईल तेव्हा तो खटारा इथे वाजता कामा नये! नाहीतर मीटिंग बोलावतो सोसायटीची!"

खैरनार माफी मागायला वर गेले. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन गेले. देशपांडे तोंड फिरवून बसले. शैलावहिनींनी मात्र अंथरुणातूनच कामाच्या बाईंना पोहे करायला लावले. खैरनार मान खाली घालून पोहे खात होते. एकदम त्यांचा घास तोंडाशीच थांबला. ते देवघराकडे बघत होते. तिथे चंदन उगाळायची सहाण होती, वर्षानुवर्षं वापरून मधोमध खोलगट झालेली, आणि तिच्यावर कुणीतरी उदबत्तीची काडी आडवी ठेवली होती.

"काडीखालून उजेड दिसतोय," खैरनार म्हणाले.

"काय?" देशपांडे.

"काडी काठांवर टेकलीय. मधला खड्डा तिला कळलाच नाही!" खैरनार उभे राहिले. "भाऊ, आते सापडनं! माझी पट्टी पण तशीच टेकते!" आणि बशी माझ्या हातात देऊन ते जिना उतरून गेले.

"डोक्यावर परिणाम झालाय का याच्या?" देशपांड्यांनी मला विचारलं. मला खात्रीने नाही म्हणता येईना.

संध्याकाळी खैरनारांनी दाखवलं. जुन्या रॉकरच्या तोंडाला खड्डे पडले होते, नखालाच लागतील एवढे. फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी त्या खड्ड्यांच्या काठांवर टेकायची आणि फट बरोबर आहे असं सांगायची. खरी फट मोठीच राहायची. नव्या कॅमचा तडाखा जोराचा, म्हणून तिथे टकटक.

शैलावहिनींचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात खैरनारांनी रजा काढली. एकेक रॉकर दगडावर घासून, आरशासारखा करून बसवला. नव्या कॅमला सांगितली होती तेवढी फट ठेवली, पुन्हा मोजली, पुन्हा ठेवली. मी ऑफिसातून आलो की पायरीवर बसून बघत राहायचो. कुठलंही काम इतकं मन लावून मी आयुष्यात केलेलं नाही. पण तिथे नुसतं बसलं तरी काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटायचं.

शैलावहिनींना घरी आणायचं होतं त्या सकाळी देशपांडे रिक्षा बघायला खाली उतरले. खैरनारांची गाडी फाटकापाशी उभी होती. देशपांडे तिच्या शेजारून गेले, थांबले, मागे आले. सायलेन्सरमधून वाफ निघत होती.

"अहो... चालू आहे ही?"

"चालू आहे," खैरनार म्हणाले. "जरा डोलते, तेवढा त्या कॅमचा स्वभाव आहे. बसा. वहिनींना आणू."

मी बॉनेटजवळ गेलो. आत इंजिन फिरत होतं आणि मला फाटकाबाहेरच्या कडुनिंबावरचे साळुंक्यांचे आवाज ऐकू येत होते. अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. देशपांडे मुकाट्याने आत बसले.

दुपारी ते तिघं परत आले. देशपांड्यांनी वहिनींना हात धरून वर नेलं, मी बॅगा पोचवल्या आणि खाली आलो. खैरनार अजून गाडीतच बसले होते. मी शेजारी बसलो.

"जमवलंत तुम्ही," मी म्हणालो.

"वहिनींचा आवाज अगदी बारीक झालाय," ते म्हणाले. "ओठ हलतात तेवढंच. पण मागून बोलत होत्या ते सगळं ऐकू आलं मला. सगळं."

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"मंगलला, माझ्या बायकोला, सटाण्याहून नाशिकला आणलं तेव्हा कांद्याचा टेम्पो मिळाला होता. भाऊबीजेला गेलो होतो, तिथेच तिच्या छातीत दुखायला लागलं. टेम्पोवाला जोरात हाणायचा, तेव्हा काही ऐकू यायचं नाही. हळू घे म्हणावं, तर वेळ जात होता. ती सारखी काहीतरी विचारत होती मला. मी कान तिच्या तोंडाशी नेला, तरी कळेना. मग मी नुसतं हो म्हणत राहिलो. हो, हो. तेवढ्याने ती शांत झाली." ते थांबले. "कशाला हो म्हणालो, ते मला माहीतच नाही."

वर देशपांड्यांच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली.

खैरनारांनी किल्ली काढली आणि एकदम माझ्याकडे वळले.

"गच्चीवरच्या शेवंतीला कुणी पाणी घालत होतं का हो? वहिनींनी विचारलं गाडीत. देशपांड्यांना डुलकी लागली होती, म्हणून मीच हो म्हणालो."

"नसेल कुणी घातलं," मी म्हणालो.

ते गाडीतून उतरले, नळाखाली बादली लावली, आणि ती भरण्याआधीच उचलून जिन्याकडे निघाले. मी दुसरी बादली घेतली आणि त्यांच्या मागोमाग गेलो. कुंड्यांतली माती वाळून भेगाळली होती. खैरनार उकिडवे बसले आणि एकेका कुंडीला ओंजळीने, सावकाश पाणी घालत राहिले.