बिनपंखी नाकतोड्यांची शोकसभा

एका जंगलात... नको. जंगलातले सिंह-कोल्हे तुम्हाला पाठ झालेत, बाळांनो. आज आपण एका बेटावर जाऊ. बेट भर समुद्रात होतं. तिथं केवड्याची बनं होती आणि त्या बनांत नाकतोडे राहायचे. त्यांना पंख नव्हते.

पूर्वी होते. पण बेटावर वारा असा, की जो उडाला तो थेट समुद्रात. म्हणून शहाण्या पूर्वजांनी पंख टाकून दिले आणि पाय जाड केले. यात हसण्यासारखं काही नाही. तुमच्या पूर्वजांनी शेपूट टाकलंच की.

बेटावर नाकतोड्यांना शत्रू एकच, समुद्रपक्षी. त्याला फक्त हलणारा किडा दिसायचा. त्यामुळे तिथं एकच संस्कार होता : हलू नये. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आधी त्याला स्तब्ध उभं राहायला शिकवत, खायला मागाहून. जो जास्त स्तब्ध, तो जास्त थोर. आणि कोणी वारलं की सगळे बनाबाहेर उघड्यावर जमत आणि मिशा खाली घालून रांगेत दोन मिनिटं स्तब्ध उभे राहत. नाकतोड्यांची दोन मिनिटं म्हणजे आपला अर्धा दिवस.

एकदा एक जहाज बेटाला लागलं. खलाशी नारळ भरून निघून गेले. एक उंदरीण मागे राहिली. ती पोटुशी होती.

त्याच दिवशी गंपू नाकतोडा गेला. कसा गेला, ते सगळ्यांनी पाहिलं. उंदरिणीनं त्याला मधोमध धरून खाल्लं आणि मिशा थुंकून टाकल्या.

लगेच शोकसभा ठरली. अध्यक्ष अर्थातच तात्या खरखरे. ते तहहयात अध्यक्ष होते, कारण त्यांच्याइतकं न हलणारं बेटावर कोणी नव्हतं. तरुणपणी त्यांच्या पाठीवर शेवाळ उगवलं होतं, असं घरचे अभिमानानं सांगत.

"तात्या, त्या उंदरिणीचं काय करायचं?" अंबू नाकतोडीनं विचारलं.

"अगं, ही शोकसभा आहे," तात्या म्हणाले. "मेला कशानं, ते इथं काढत नाहीत. बरं दिसत नाही."

सभेला उंदरीणही आली. परकी असून आली, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"गंपूरावांना मी फार जवळून ओळखलं," ती म्हणाली. "त्यांची उणीव मला आत्ताच जाणवू लागली आहे."

सगळ्यांचे डोळे भरून आले. मग स्तब्धता सुरू झाली. उंदरिणीनं रांगेच्या डाव्या टोकापासून खायला घेतलं. रांग मोडली नाही.

तेव्हापासून शोकसभेला जेवढे येत, त्याहून कमी परत जात. गेलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. उंदरीण आता पोरांनाही आणू लागली. पोरांवर चांगले संस्कार व्हावेत, एवढीच तिची इच्छा होती.

अंबूची अंडी केवड्याच्या मुळाशी होती. बेटाजवळ समुद्रात एक सुळका होता. ओहोटीला खडकांवरून तिथवर चालत जाता येई. सुळका उभा आणि गुळगुळीत. नाकतोड्याच्या पायांना आकडे असतात, तो चढला असता. उंदरांचे पाय सटकले असते. हे अंबूला कळलं होतं. अडचण एवढीच, की सुळक्यावर एक अंडं चढवायला दोघं लागत.

ती घरोघर गेली. "एका टोकाला धरा हो," म्हणाली.

"धरलं असतं, पण आज सभा आहे," सगळे म्हणाले.

ती तात्यांकडे गेली. "ओहोटी थांबत नाही, तात्या."

"गेलेल्यांचा मान राखायचा की नाही?"

"आणि राहिलेल्यांचं कोण बघणार?"

"तू फार हलतेस, अंबू," तात्या म्हणाले. "तुझ्या आईलाही मी हेच सांगायचो."

असं करत करत बेटावर दोघंच उरले, तात्या आणि अंबू. अंडंही एकच उरलं होतं. बाकीची उंदरिणीच्या पोरांनी फोडली होती.

"तात्या, आता तरी धरा," अंबू म्हणाली.

तात्यांनी अंड्याकडे पाहिलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांचा एक पाय जरा पुढेही आला.

"धरतो," ते म्हणाले. "पण कालच्यांची स्तब्धता राहिली आहे. तेवढी उरकू दे."

ते उभे राहिले. उंदरीण सहकुटुंब आली. तात्यांची मिशीसुद्धा हलली नाही.

अंबूनं अंडं डोक्यानं ढकलत खडकांवरून नेलं. सुळक्याच्या पायथ्याशी पोचली आणि तिथंच अडली. वर चढवायला दुसरं कोणी नव्हतं. अंडं तिथंच टाकलं असतं तर ती एकटी सहज वर गेली असती. गेली नाही. हे सांगताना मला राग येतो, बाळांनो, पण तिच्यावर नाही.

उंदरिणीची पोरं वास काढत आली. अंबू अंड्यापुढे उभी राहिली आणि पहिल्याच्या नाकावर मागच्या जाड पायानं लाथ हाणली. बेटावर कोणी कोणाला मारलेली ती पहिली लाथ. चांगली बसली. पोर कळवळून मागे फिरलं. पण त्याला भावंडं पुष्कळ होती.

दुसऱ्या दिवशी बेटावर शोकसभा झाली नाही. बोलवायला कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य : संकटात हलू नये. अंबू हलली, ती मेली. तात्या हलले नाहीत, तेही मेले. पण त्यांची रांगेतली जागा शेवटपर्यंत चुकली नाही. चला, आता सगळे उभे राहा. मागून कोण येतंय, ते वळून बघू नका. बरं दिसत नाही.